धुमसणारा राग आणि रक्तदाब

'बीपी आहे ना, म्हणून चिडतात' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ज्यांचं कामच या रुग्णांसोबत आहे त्यांनी नेमकं लिहावं : हा राग कसा ओळखायचा, कशाने उतरतो, कुठे चुकतं?

समुपदेशक : ओरडणारा सगळ्यांना दिसतो, धुमसणारा सुटतो. मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी दाबलेल्या रागाचा उच्च रक्तदाबाशी संबंध १९३९ मध्येच मांडला होता. पुढचे सगळे निष्कर्ष एकाच बाजूचे नाहीत, पण राग गिळणं आणि राग आवरणं यांतला फरक कामाचा आहे. गिळणारा तोच प्रसंग तासन्‌तास उगाळतो. भांडण मिटलं तरी दाब लवकर उतरत नाही. म्हणून वहीत चार रकाने आखायला सांगते : वेळ, घडलं काय, मनात आलेलं वाक्य, राग ० ते १०. सगळं मर्म तिसऱ्या रकान्यात असतं. तिथे बहुतेकदा 'मुद्दाम केलं' किंवा 'माझी किंमतच नाही' सापडतं. त्याच ओळीखाली दुसरं एखादं शक्य कारण लिहायचं. नोंद त्याच दिवशी हवी. आठवड्याने लिहिली की ती स्वतःची वकिली होते.

परिचारिका : राग आला की लगेच मशीन लावू नका. आकडा वाढलेलाच येणार, तो पाहून धसका बसणार, पुन्हा मोजलं की आणखी वाढलेला! पाच मिनिटं शांत बसा : पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना हे आकडे दाखवा.

मानसोपचारतज्ज्ञ : उशी बडवून राग 'मोकळा' करायचा सल्ला कृपया देऊ नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्तच निघाला होता. त्यापेक्षा श्वास : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. यात लोक छाती फुगवून मोठाले श्वास घेतात, मग चक्कर येते. श्वास हलका हवा, लांब फक्त सोडताना. रोज शांत असताना सराव केला तरच ऐन वेळी जमतं.

फिजिशियन : चिडचिडीमागे घोरणं आणि तुटक झोप आहे का, आधी विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर दाबही चढतो. दारू, सर्दीच्या काही गोळ्या, काही वेदनाशामकं यांचंही तेच. रागाच्या भरात गोळी बंद करणं किंवा 'आज फार चिडलो' म्हणून जादा घेणं, दोन्ही धोक्याचं. आकडा १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यांतलं काहीही असेल तर राग शांत व्हायची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.