पुन्हा: पुन्हा: तातडीचे – साथीदार एक, वाद्यं पाच (गणेशोत्सव, मेलबर्न)

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, शाहिरांचं नक्की झालं. सोबत साथीदार एकच येणार. ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं ही पाचही वाद्यं तेच वाजवतात. तिकिटावर तेवीस किलोच्या दोन बॅगा आहेत. त्यांना आज-उद्या कळवायचंय की काय आणायचं आणि काय इथे मिळेल. मंडळाची ढोलकी कपाटात आहे, ती चालेल का? क्रम ठरलेलाच आहे: गण, गवळण, दोन लावण्या, पोवाडा, मध्यंतर, गोंधळ, जागरण. लावण्या आपल्या ताईच म्हणणार. हॉलवाल्यांची अट यंदाही तीच: ज्योत पेटवायची नाही. गेल्या वर्षीसारखा अलार्म पुन्हा वाजला तर हॉल कायमचा जाईल.

---

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

मंडळाची ढोलकी नको. ती भजनाला ठीक आहे. शाईचं (काळा थर लावलेलं) तोंड रुंद असल्याने वरच्या सुरात चढवली की पुडी, म्हणजे मढवलेलं कातडं, चरचरते आणि लावणीतली टीप (उंच, खणखणीत बोल) उघडी लागत नाही. त्यांना त्यांचीच आणू दे.

दोन ढोलक्या मागवायचा विचार असेल तर थांबा. ताईंची पट्टी काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी). शाहीर काळी एकमध्ये गातात. शाईची बाजू काळी चारला लावली की लावणीला तो षड्ज होतो आणि पोवाड्याला पंचम. एकाच ढोलकीत दोन्ही भागतं, मध्ये पाना फिरवावा लागत नाही. फक्त ताईंनी ऐनवेळी पट्टी बदलायची नाही. काळी पाच म्हणाल तर शाहिरांना काळी दोन घ्यावी लागेल.

वजनं अंदाजे अशी: शिसवी नटबोल्टची ढोलकी सहा-सात किलो, संबळाची जोडी सात-आठ, लोखंडी कड्याची हलगी सव्वा ते दीड, तुणतुणं एक, दिमडी अर्ध्या किलोच्या आत. म्हणजे पेटीसकट सगळं एका बॅगेत बसतं. बोल्टचा पाना मात्र हातातल्या सामानात नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पेटीत भरण्याआधी ढोलकीचे सगळे बोल्ट सारखे अर्धा-अर्धा फेरा सैल करायला सांगा. एक बाजू सैल आणि दुसरी ताणलेली राहिली तर पुडी तिरकी बसते. इथे आल्यावर ती सुरात आणायला तास जातो.

---

प्रेषक: जुने सभासद, लोककला विभाग

दादा, पट्टीचा हिशोब बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे. कार्यक्रमपत्रिकेत लावणीपुढे "ढोलकी-हलगीची जुगलबंदी" असं छापलंय. ती एका माणसाची कशी होणार? तमाशाच्या फडात हलगीवाला वेगळा असतो. ढोलकी थांबते तिथे हलगी उचलते, आणि त्या देवाणघेवाणीवरच बारी चढते. पाच वाद्यं येतात याचा अर्थ पाचही एकदम वाजतात असा नाही. असे कलाकार बहुधा मागे उभं राहून तुणतुणं धरत झील (मागून सुराची साथ) देण्यापासून सुरुवात करतात, मग हलगीवर येतात आणि पुढे ढोलकी हातात मिळते. मागे असतानाच गाण्याचे सगळे मुखडे आणि तोडे पाठ झालेले असतात. म्हणून शाहीर कुठे श्वास घेणार हे त्यांना आधीच कळतं. आपण घेतोय ते हे ज्ञान. हातांची संख्या आपल्याला वाढवून मिळणार नाही.

तेव्हा जुगलबंदी काढा, नाहीतर इथला हलगीवाला द्या. ढोल-ताशा पथकातल्या मुलांना हात आहे, पण ताशाची सवय असलेला माणूस हलगीवर सारखाच भरतो, जागा सोडत नाही. तालीम दोनदा तरी हवी.

दुसरं म्हणजे बदलाची वेळ. पोवाड्यानंतर मध्यंतर आहे ते उत्तम. संबळ कमरेला बांधायला आणि दोन्ही तोंडं जुळवायला पाच मिनिटं लागतात, ती मध्यंतरात निघतील. गोंधळातून जागरणात जाताना मात्र संबळ सोडून दिमडी घ्यायची आहे. तिथे शाहिरांनी खंडोबाचं नमन नुसत्या तुणतुण्यावर म्हणावं. तुणतुणं इथल्या कुणी धरलं तरी चालेल, एकच तार आहे, पण ती शाहिरांच्या सुराला लागलेली हवी.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

मग दुसरा साथीदारच का आणत नाही? तिकिटाचा खर्च समितीने परस्पर ठरवू नये, आधी माझ्याकडे यावं. आणि इतकी घाई असेल तर कार्यक्रम दिवाळीत घेऊ. तोवर वर्गणीही जमेल.

---

प्रेषक: जुने सभासद, लोककला विभाग

दिवाळीत ते येऊच शकत नाहीत. दसऱ्याला फड बाहेर पडतो, आणि हंगामाची उचल (आगाऊ रक्कम) त्यांनी फडमालकाकडून आधीच घेतलेली असते. तिथून वैशाखापर्यंत जत्रांच्या सुपाऱ्या असतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन तमाशा ठरवतात. त्या काळात ढोलकीवाला फड सोडून परदेशी गेला तर उचल अंगावर येते आणि पुढच्या हंगामाला त्याची जागा दुसऱ्याला जाते. पावसाळा ते दसरा एवढीच त्यांची मोकळीक. गणेशोत्सव हाच मुहूर्त आहे. परतीचं तिकीट दसऱ्याच्या निदान आठवडाभर आधीचं काढा, फडाच्या तालमी असतात.

---

प्रेषक: सीमाशुल्क वगैरे पाहणाऱ्या ताई

वाद्यांच्या वजनावर सगळे बोललात, कातड्यावर कुणीच नाही. दिमडी कसली मढवलेली आहे हे आधी विचारा. जुनी दिमडी आणि खंजिरी घोरपडीच्या कातड्याची असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारातही तिचं नाव पहिल्याच परिशिष्टात. ती दिमडी मुंबईत सापडली तरी गुन्हा आणि मेलबर्नला सापडली तरी गुन्हा. वडिलोपार्जित असली तरी आणू नका. शेळीच्या कातड्याची किंवा फायबरची आणायला सांगा. शेळीचं कातडं जाड असल्याने दिमडीचा आवाज थोडा बोथट होतो, पण माइकवर ते सांभाळता येतं.

बाकीची वाद्यं घेऊन उतरताना प्रवासी कार्डावर प्राणिज वस्तू आणि लाकूड या दोन्ही प्रश्नांपुढे "हो" लिहायचं. लपवलं तर दंड होतो आणि वाद्यही जातं. जाहीर केलं की अधिकारी उघडून बघतात. म्हणून कातड्याच्या कडेला केस राहिलेले नकोत, लाकडावर साल नको, माती नको. सगळ्यात धोका तुणतुण्याच्या बांबूच्या दांडीचा आहे. बारीक भोकं असतील आणि दांडी आपटल्यावर पिठासारखी पूड पडत असेल तर आत कीड आहे, असं समजूनच ते चालतात. नवी दांडी बसवून घ्यायला सांगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. वाद्यांना शेण, हळद, भंडारा लागलेला असेल तर निघण्याआधी पुसून घ्या. पेटीत सर्वात वर वाद्यं ठेवा, कपड्यांखाली नको.

---

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

अलार्मचं राहिलंच. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, आणि सप्टेंबरात इथली हवा गार, ओली. विंगेत कागद पेटवणं आता नाही म्हणजे नाही. केस वाळवायचं यंत्र मध्यम आचेवर, वीतभर लांबून, मागच्या बाजूने गोल फिरवत तीन-चार मिनिटं. एका जागी धरलं तर कातडं तिथेच कडक होतं आणि छडीच्या फटक्याला तडकतं. ही ऊब दहा-पंधरा मिनिटं टिकते, म्हणून हलगी हातात घ्यायच्या लगेच आधी करायचं. फायबरची एक हलगी जवळ असली तर उत्तम.

ढोलकीच्या शाईवर हे यंत्र कुणीही धरू नये. शाई सुकून भेगाळली की तिचे खपले उडतात, आणि पुडी बदलणारा माणूस इथे नाही. ढोलकी दुपारीच हॉलमध्ये आणून उघडी ठेवा, हवेला सरावली की मग सुरात लावा. हीटरच्या झोतासमोर नको.

माइक: ढोलकीला दोन, शाईकडचा वीतभर लांब, धुमाकडचा (खर्जाच्या तोंडाकडचा) त्याहून थोडा मागे. संबळाला वरून एक, दोन्ही तोंडांच्या मध्ये. साथीदार उभे असतात, म्हणून उंच स्टँड हवा. हलगीला जवळचा माइक देऊ नका, ती उघडीच हॉलभर पोचते.

---

प्रेषक: एक काकू, पूजा विभाग

हलगीचं ठीक आहे. दिवटीचं, म्हणजे गोंधळातल्या मशालीचं काय? दिवटीशिवाय गोंधळ म्हणजे नुसती गाणी. बॅटरीची दिवटी मला तरी मान्य नाही.

---

प्रेषक: जुने सभासद, लोककला विभाग

काकू, तुमचं म्हणणं खरं आहे. पण हॉलचा नियम मोडून देवीचं काही होत नाही. हॉलमागच्या अंगणात ज्योत चालते का, हे व्यवस्थापकांना लेखी विचारूया. होकार आला तर चौक भरून, दिवटी पेटवून पहिली आरती बाहेर करू. तेलाची बुधली आणि झाकायला ओलं फडकं आपल्यापैकी एकाने हातात धरावं. मग आत येऊन गोंधळ. मंचावर न पेटवलेली दिवटी हळद-कुंकू लावून मांडायची. बॅटरीवाली नको, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. मात्र बाहेर संबळ वाजवायचा असेल तर अंधार पडण्याआधी. गारव्यात कातडं उतरतं आणि आत आल्यावर पुन्हा जुळवावं लागतं.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

जुगलबंदी काढली. अंगणाचं पत्र उद्या जाईल. दिमडीचं त्यांना फोनवर विचारते. फलकाचा मजकूर पाठवू का? शाहिरांचं नाव आणि खाली "व साथीदार".

---

प्रेषक: जुने सभासद, लोककला विभाग

"व साथीदार" नको. नाव छापा, आणि पुढे "ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं" असं वाद्यवार. शाहीर साबळे यांच्या "महाराष्ट्राची लोकधारा"ने गोंधळ, जागरण, कोळीगीत, लावणी एकाच प्रयोगात आणलं. असा प्रयोग तासातासाला वाद्य बदलणाऱ्या साथीच्या जोरावरच उभा राहतो. तरी फलकावर साथीची ओळ पहिली कापली जाते. तीस-तीस हंगाम फडात काढलेल्या माणसाकडे दाखवायला स्वतःचं नाव छापलेला एक कागद नसतो. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी सरकारकडे अर्ज करायची वेळ आली की नेमकी अशीच छापील कात्रणं आणि पत्रं पुरावा म्हणून लागतात. म्हणून फलकाच्या चार प्रती आणि मंडळाच्या सही-शिक्क्याचं, तारीख आणि वाद्यांची नावं घातलेलं पत्र त्यांना जाताना द्या.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

पत्र मी तयार करतो, मराठीत आणि इंग्रजीत. मानधनाचं पाकीटही त्यांच्या नावाने वेगळं काढतो, शाहिरांच्या रकमेत मिसळत नाही. नाव पासपोर्टवर जसं आहे तसं मला पाठवा.