परिक्रमेसाठी ट्रॅव्हलर: जुन्या फर्निचरमधून सामानाची सोय कशी करावी?

लोकमान्यनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. देवउठनी एकादशीनंतर आई-बाबा गाडीने नर्मदा परिक्रमा उचलणार आहेत, ओंकारेश्वरहून, दक्षिण तटाने. गाडी मीच चालवणार. त्यासाठी जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे फोर्सची मोठी व्हॅन, घेतली आहे (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर म्हणजे व्हीलबेस ३३५० मिमी, आरसीवर कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची गाडी, म्हणूनच नोंद). दोन्ही बाजूंना झोपायचे बाक बसले, पण सामानाला जागाच नाही. सगळं नवीन करून घ्यायचा आकडा ऐकला, तो परवडणार नाही. हातात १५,००० रुपये आहेत.

घरात पडून आहे ते असं: झुकत्या दारांचा पार्टिकल बोर्डाचा शू-रॅक, मुलीचं जुनं स्टडी टेबल, प्लॅस्टिकचं पाच ड्रॉवरचं कपाट आणि आजीच्या दोन पत्र्याच्या पेट्या. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली बसून काही काढता येत नाही. यातलं काय वापरू, काय सोडू?

राजेंद्रनगर_काकू

आधी आईंचे गुडघे, फर्निचर नंतर. त्यांना बाकावर बसवा आणि न वाकता, न ताणता हात कुठवर पोचतो तिथे भिंतीवर खडूने दोन रेघा मारा, एक खाली, एक वर. रोज लागणारं सगळं या दोन रेघांच्या मध्येच आलं पाहिजे: औषधं, पूजेचं सामान, चहाचे डबे, शाल. आमची गाडी मी अशीच बेतली. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या, तरी प्रवासात त्यांना कोणाला हाक मारावी लागत नसे. मला ती गोष्ट फार मोलाची वाटते.

तुमच्याकडचा शू-रॅक ही सगळ्यात कामाची वस्तू. त्याची खोली जेमतेम वीतभर, म्हणून मधली वाट अडत नाही. दार वरून पुढे झुकतं, त्यामुळे बसलेल्या माणसाला आतलं सगळं दिसतं. पण पार्टिकल बोर्डाचा सांगाडा गाडीत घालू नका. ओल लागली की तो फुगतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यातले स्क्रू सैल होतात, एकदा भोक मोठं झालं की पुन्हा धरत नाहीत. त्याचे झुकते कप्पे आणि फिरत्या खुंट्या काढून घ्या आणि भोवतीची चौकट ९ मिलीच्या प्लायची करा. १८ मिलीचा ८ बाय ४ चा ताव पस्तीस किलोच्या आसपास भरतो, ९ मिलीचा त्याच्या निम्मा. गाडीत हा फरक प्रत्येक चढावर जाणवतो.

दारांना नुसतं मॅग्नेट पुरत नाही. इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटाच्या वळणांवर भरलेला कप्पा आपोआप उघडतो. प्रत्येक दाराला छोटी कडी लावा, आईंच्या बोटांनी सरकेल अशी. दुकानात त्यांनाच सरकवून बघू द्या.

प्लॅस्टिकचं कपाट हलकं आहे, ठेवा. फक्त वरचे दोन ड्रॉवर कमी करून तीनच ठेवा, म्हणजे ते डोलणार नाही. ड्रॉवरांच्या पुढून एक उभी लाकडी पट्टी बसवा, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कडी. एका कडीत तिन्ही ड्रॉवर बंद. कपाट मात्र पट्ट्याने भिंतीच्या खांबाला आवळायचंच.

स्टडी टेबलाची फळी प्लायची असेल तर पियानो बिजागरीवर (फळीच्या पूर्ण लांबीची बिजागरी) घडीचा ओटा होईल. पार्टिकलची असेल तर देऊन टाका.

पेट्या कापू नका! बाकाखाली, मागच्या चाकांच्या थोडं पुढे ठेवा आणि त्यात जड शिधा भरा: कणीक, तांदूळ, डाळ, कन्याभोजनाचा रवा-साखर. त्या तुम्ही उघडायच्या, आईंनी नाही. खाली जुनी सतरंजी घातली की पत्रा वाजत नाही.

सांवेररोड_बॉडीवर्क

काकूंशी सहमत. जोडणीबद्दल थोडं. गाडीच्या बॉडीत लाकडाचे स्क्रू चालत नाहीत. ६ मिलीचा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, साधा नट हादऱ्याने उलटा फिरतो. बोल्ट पातळ पत्र्यात नाही, आतल्या खांबात घ्यायचा. मागून हात पोचत नसेल तिथे रिव्हनट, म्हणजे पुढूनच बसवता येणारा नट. हे सगळं सियागंजात मिळेल. फरशीला भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघा: डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून गेलंय ते. भोकाच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

सामान, पाणी, डिझेल आणि माणसं भरून एकदा धरमकाट्यावर वजन करा. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा.

बडोदेकर_दांडियाबाजार

गॅसचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. ५ किलोचा सिलिंडर ज्या खणात ठेवाल त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं. शू-रॅकसारख्या बंद कप्प्यात तो कधीच नको, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी तर नाहीच.

आणखी कोणी हे वाचून प्रवासी गाडीत असं काम काढणार असेल तर आधी आरटीओत विचारा. आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. इथे नोंद कॅम्परचीच आहे, हे फार बरं झालं.

लोकमान्यनगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला बसवून रेघा मारल्या. तिचा हात मी समजत होतो त्यापेक्षा बराच खाली थांबतो, म्हणजे वर लॉफ्ट (छताखालचा माळा) करायचं मनात होतं, ते रद्द. त्या पैशात प्लाय येईल. टेबलाची फळी पार्टिकलचीच निघाली. आता दोन प्रश्न: पाण्याचा २० लिटरचा जार कुठे ठेवू? आणि नर्मदाजलाची कुपी?

राजेंद्रनगर_काकू

२० लिटरचा एक नको, १० चे दोन घ्या. एक तुमच्या पेटीशेजारी जमिनीवर, दुसरा चहा-स्वयंपाकाच्या जागेजवळ, नळ बाकाच्या उंचीला येईल असा. भरलेला २० लिटरचा जार म्हणजे २० किलो पाणी. तुम्ही डिझेल भरायला गेलात आणि बाबांनी उचलला तर पाठ धरेल.

कुपीची रोज पूजा होणार, त्यामुळे ती आईंच्या दोन रेघांमध्येच हवी आणि उभीच राहायला हवी. शू-रॅकच्या चौकटीवर प्लायची एक आडवी पट्टी मारा, तिला कुपीच्या मापाचं गोल भोक पाडा, आतून फेल्ट चिकटवा. खाली टेकायला दुसरी पट्टी. भोक पाडण्याआधी कुपी विकत घ्या आणि तीच घेऊन सुताराकडे जा. बुडाचं आणि गळ्याचं माप वेगळं असतं, भोक पोटाच्या मापाचं लागतं.