आईबाबांना फोन शिकवताना: तुमचे अनुभव लिहा

चाफा
नोव्हेंबर लागला. बँकेच्या पायरीवर काठी टेकून बसलेले आजोबा दिसले आणि सगळं आठवलं. हयातीचा दाखला घरबसल्या निघतो हो! जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, दोन्ही अ‍ॅप लागतात. घोळ पहिल्याच पायरीला होतो. पहिला चेहरा 'ऑपरेटर'चा, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्याचा. तिथे आधार मुलाचा टाकून कॅमेरा आईसमोर धरला तर जुळणार कसं? ते झालं की मग पेन्शनरचा आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), खाते क्रमांक. आकडे मूळ कागद समोर ठेवूनच भरा. चूक राहिली तर दाखला निघतो, पण पुढे नाकारला जातो आणि सगळं पहिल्यापासून. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. चष्मा चमकत असेल तर काढा. पापण्या सावकाश मिटून उघडायच्या.

पर्वतीकर
केंद्राच्या पेन्शनरांत ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस ९५ वाल्यांना (पीएफ कार्यालयाची पेन्शन) नोव्हेंबरची सक्ती नाही, कधीही द्या, तिथून वर्षभर चालतो.

गौरी_को
सगळे अ‍ॅपपासून सुरुवात करतात, अडतं बोटापाशी. वयाने कातडी कोरडी पडते, पडद्याला स्पर्श कळत नाही. मग माणूस जोर लावतो, दाबून धरतो, आणि आयकॉन जागचे हलतात किंवा भलताच मेनू उघडतो. बोट आधी ओलसर फडक्याला टेकवायचं. नख नको, पेराचा मऊ भाग. अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' लाँग करा. खालची तीन बटणं (मागे, होम, अलीकडची अ‍ॅप) परत आणा, कडेवरून बोट सरकवणं लक्षात राहत नाही.

वारजे_ओंकार
तीन बटणांना +१. फॉन्ट आणि डिस्प्ले साइझ दोन्ही शेवटपर्यंत वाढवू नका. काही अ‍ॅपमध्ये खालचं 'पुढे' पडद्याबाहेर जातं आणि आई म्हणते फोन अडकला.

स्मिता
यूपीआय शिकवताय तर फ्रिजवर ठळक लिहून लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकली की पैसे गेले. पेन्शनचं खातं जोडूच नका, वेगळ्या खात्यात दोन-तीन हजार पुरेत. भाजीला यूपीआय लाइट (यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट), १००० पर्यंत पिन नाही, आत ५००० च्या वर मावतच नाहीत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), 'उद्या बघू' नको. कुकर झाला, आले.

पर्वतीकर
१९३० त्यांच्या फोनमध्ये नावाने सेव्ह करून ठेवा.

अनघा
कळकळीने सांगते, फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. "दे इकडे, मी करतो" म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं. पायऱ्या वहीत त्यांनी स्वतः लिहायच्या, पडद्यावर आहेत त्याच शब्दांत. एका बैठकीत एकच काम. व्हॉट्सअ‍ॅपला मराठी बोलून टाइप करणं आधी शिकवा, कीबोर्डवरचा माइक. जोडाक्षरं शोधण्यात जीव जातो त्यांचा.

स्मिता
माइकचं अगदी! फक्त कीबोर्डला मराठी भाषा जोडलेली हवी, नाहीतर तो भलतंच लिहितो.

वारजे_ओंकार
पुणे मेट्रोचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर निघतं, तेही शिकवा. गेटला क्यूआर लागला नाही तर आधी ब्राइटनेस वाढवायचा.

चाफा
रोज जाणार असतील तर मेट्रोचं कार्डच बरं, बॅटरीची काळजी नाही.

गौरी_को
मंडई स्टेशनला लिफ्ट आहे ना? आईचे गुडघे.

वारजे_ओंकार
आहे, काकूंना निर्धास्त पाठवा.