तालुक्यात सर्वधर्मीय गट : नोंदणी आधी की काम आधी?

(चर्चेतली सगळी नावं टोपणनावं आहेत.)

भीमाकाठ विचारतात :

सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. दोन मशिदींच्या जमातीतली मंडळी, बुद्धविहाराचे कार्यकर्ते, चर्चचे पाळक, एका दिंडीतले वारकरी आणि मठाशी संबंधित दोघे-तिघे मिळून १५-१६ जण जमतो. आजवर ईदचा शीरखुर्मा आणि संक्रांतीचा तिळगूळ यापुढे गाडी गेली नाही. आता रेशन, दाखले, शाळाप्रवेश यांत अडकलेल्यांसाठी कायमचं मदतकेंद्र काढायचं आहे. संस्था आधी नोंदवावी का? सुरुवात कोणत्या कामापासून? अमेरिकेत असलेले गावचे दोन डॉक्टर पैसे पाठवतो म्हणतात, ते घ्यावेत का? आणि ‘हे धर्मांतराचं काम आहे’ अशी आवई उठली तर काय करायचं?

फायलीतला माणूस :

मदतकेंद्राला नोंदणी लागत नाही. वर्गणी गोळा करायची म्हटली की नोंदणी तरी लागते, नाहीतर परवानगी. बिननोंदणीच्या गटाला वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. कुणा एकाच्या बचत खात्यात पैसे जमवू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

पहिले सहा महिने बिनपैशांचं काम करा, मग नोंदवा. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात, आणि आपल्याकडे तीच संस्था वरच्याच १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. सभासद म्हणून माणसं घ्या, मशीद, मठ, चर्च या संस्था घेऊ नका. उद्या एखाद्या मशिदीच्या ट्रस्टमध्ये वाद झाला की दोन्ही बाजू ‘आमचाच प्रतिनिधी’ म्हणून तुमच्या बैठकीत येऊन बसतात. उद्देशांत प्रार्थनास्थळ, उत्सव वगैरे काही घालू नका. देणगीवरची आयकर सवलत (जिला ८०जी म्हणतात) एका विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या भल्यासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही आणि धार्मिक खर्च ५ टक्क्यांच्या वर गेला तरी ती अडचणीत येते. नावात ‘मानवाधिकार’, ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ असे शब्द शक्यतो टाळा, त्यावर पूर्वी आक्षेप घेतले गेले आहेत.

दरवर्षी वेगळ्या धर्माचा अध्यक्ष करायचा मोह सगळ्यांना होतो. ऐकायला छान. पण विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, भरावा लागतो. तो मंजूर व्हायला किती काळ लागेल ते विचारू नका. तोवर दुसरा बदल येतो आणि बँक विचारते, सही नक्की कुणाची? त्यापेक्षा कार्यकारिणीची मुदत ५ वर्षांची ठेवा आणि ‘निमंत्रक’ असं एक पद ठरावाने दरवर्षी फिरवा. निमंत्रकाकडे बैठक चालवायचं काम, सहीचे अधिकार नाहीत.

डॉक्टरांना एकच विचारा : पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून त्यांनी दिलेली देणगी परकी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. ती नोंदणी नव्या संस्थेला नाही मिळत. ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या ३ वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च, अशी अट आहे. तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

पुरवठाशाखा :

सुरुवात रेशनपासूनच करा. अडचण सगळ्या वस्त्यांत सारखी आणि महिन्याच्या महिन्याला कळतं, सुटली की नाही.

आधी एक गैरसमज काढा. केशरी कार्ड म्हणजे धान्य मिळणारच असं नाही. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे. प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. त्यावरच्या केशरीला या योजनेतलं धान्य नाही. म्हणून माणूस आला की कार्डाचा रंग पाहत बसू नका. १२ अंकी आरसी (रेशनकार्ड) क्रमांक टाकून ऑनलाइन नोंद काढा. योजना कोणती, नावं किती, आधार कुणाचं जोडलेलं नाही, सगळं एका पानावर दिसतं.

अडकतं कुठे ते सांगतो. सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढत नाही, कारण माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं. आधी तिकडचा नाव कमी केल्याचा दाखला, मग इकडचा अर्ज. उलटं केलं की अर्ज परत. मुलांचं आधार ५ आणि १५ वर्षांनंतर अद्ययावत केलेलं नसतं, म्हणून ई-केवायसी होत नाही. विडी कामगार, गवंडी, म्हातारी माणसं यांचे अंगठे उमटत नाहीत. त्यांच्यासाठी चेहरा दाखवून ई-केवायसी करायची मोबाइल ॲपवरची सोय वापरा. दुकानदार ‘मशीन बंद आहे’ म्हणाला तर तारीख आणि वेळ वहीत लिहा. धान्य दिलं तर ई-पॉसची पावती मागा, तिच्यावर किलो छापलेले असतात. पावतीवर २० आणि पिशवीत १८ ही तक्रार तोंडी टिकत नाही, पावतीसकट टिकते.

सगळं नीट असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली, हे उत्तर येणार. ते बऱ्याचदा खरंही असतं. अन्नसुरक्षा कायद्यात राज्याला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे, तीही २०११ च्या जनगणनेवर : ग्रामीण ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के. नगरपरिषदेच्या हद्दीत म्हणूनच जास्त ओढाताण. पण तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्ज आवकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मग माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : तालुक्याचा मंजूर इष्टांक, आजअखेर समाविष्ट लाभार्थी, प्रतीक्षेतले अर्ज तारखेच्या क्रमाने. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. मयत आणि कायमचे गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी झाली की जागा होतात. ती यादी दुकान पातळीवरच्या दक्षता समितीसमोर वाचली जावी असा आग्रह धरा. समिती कागदावर असते, बैठक होत नसते. मात्र कमी करायच्या नावांची यादी तुम्ही स्वतः करून देऊ नका. एका वस्तीची नावं जास्त निघाली की गट तिथेच फुटला.

निळी शाई :

आवईबद्दल. तिचं उत्तर भाषणात नाही, टेबलावर आहे. केंद्र मशिदीत, विहारात, मठात कुठेच नको. सार्वजनिक वाचनालयाची खोली मागा. वार आठवडी बाजाराचा ठेवा, खेड्यातली माणसं त्या दिवशी येतातच. बाजार शुक्रवारी असेल तर जुम्म्याच्या नमाजासाठी केंद्र दुपारी १ ते ३ बंद. टेबलाशी दोघं बसतील, वेगवेगळ्या समाजांतली, आणि त्यांतली एक बाई असेल. रेशन आणि शाळेची कामं घेऊन बायकाच येतात. परक्या पुरुषाला त्या नवरा काय कमावतो हे सांगत नाहीत.

नोंदवहीत जात-धर्माचा रकाना नको. नाव, काम, आवक क्रमांक, पुढची तारीख, बस. आधारची झेरॉक्स ठेवून घेऊ नका, शेवटचे ४ अंक लिहा. आधारचे फोटो व्हॉट्सॲप गटावर फिरवायची सवय तर पहिल्याच दिवशी मोडा. भिंतीवर सरकारी फीचा तक्ता आणि खाली ‘इथे पैसे घेतले जात नाहीत’. केंद्रात प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, फोटो नाहीत. धान्य घेताना बाईचा फोटो काढणं मला तर संतापजनकच वाटतं. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस अर्ज भरायच्या दिवशीच पदावरून दूर, हे नियमावलीत लिहून ठेवा.

आणखी एक. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हाताशी ठेवा. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. मुदत गेली की अपील आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड.

भीमाकाठ :

धन्यवाद, वही आजच आखतो. पोलीस ठाण्यातून निरोप आहे की तुमचा गट शांतता कमिटीत घ्या. जावं का? आणि शाळाप्रवेशाचं कुणी बोललं नाही.

यंत्रमाग :

जा, पण गट म्हणून नको, एकेकटे नागरिक म्हणून जा. सणाच्या आधी ठाण्यात चहा पिऊन उठणारी शांतता कमिटी वेगळी आणि भिवंडीत झालं ते वेगळं. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसत, बोलणं गटार, पाणी, शेजारच्या कटकटी यांचं. म्हणून १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. मुंबईत १९९४ च्या सुमारास माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली ती त्यानंतर.

तुमची अडचण वेगळी आहे. टेबलावर लोक घरातलं बोलणार. तीच माणसं ठाण्यात दिसली की ‘खबरे’ म्हणणार. म्हणून ठाण्यात जाणारे दोघं आणि टेबलावर बसणारे दोघं वेगळे ठेवा. अफवा आली तर खोडायला म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका, त्याने ती आणखी चार गटांत जाते. दोघांनी, दोन्ही समाजांतल्या, जागेवर जाऊन पाहायचं आणि मग जागेचं नाव घेऊन काय दिसलं तेवढंच लिहायचं.

पुरवठाशाखा :

शाळेचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के प्रवेशात अर्ज बाद होतात ते नकाशावर घराची खूण चुकीची पडल्यामुळे, एका मुलाचे दोन अर्ज भरल्यामुळे आणि भाडेकरार नोंदणीकृत नसल्यामुळे. नोटरीचा चालत नाही. दुर्बल घटकासाठी उत्पन्न १ लाखाच्या आत, वंचित घटकातल्या जातीच्या दाखल्याला ही अट नाही. २०२४ मध्ये सरकारी शाळेपासून १ किमीतल्या खासगी शाळांना सूट देणारा नियम निघाला होता, तो जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केला. अजूनही कुणी तोच नियम सांगून परत पाठवलं तर नकार लेखी मागा.

जातीचा दाखला लागणाऱ्यांना आत्ताच बोलवा. त्याची मुदत ४५ दिवसांची आहे आणि प्रवेशाचे अर्ज सुटल्यावर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.