टेस्टिंग शाखेतील विलंबाविषयी

साताऱ्याच्या मित्रांनी वर विचारले आहे की, लिनक्ससाठीच्या केडीई डेस्कटॉपची प्लाझ्मा ६ ही आवृत्ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाली, आर्च या लिनक्स वितरणावर काही दिवसांतच पोहोचली, मग डेबियन या दुसऱ्या वितरणाच्या टेस्टिंग शाखेला (जिच्यातून पुढची स्थिर आवृत्ती घडते) इतके महिने का लागले? याला स्वयंसेवकांचा आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

डेबियनमध्ये नवे पॅकेज (म्हणजे स्थापनेसाठी तयार केलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा) आधी अनस्टेबल या शाखेत येते. तेथे तातडीनुसार साधारणपणे २, ५ किंवा १० दिवस थांबून, नवा गंभीर दोष नसल्यास आणि ज्या लायब्ररींवर (इतर प्रोग्राम वापरतात अशा सामायिक कोडवर) ते अवलंबून आहे त्याही टेस्टिंगमध्ये जाऊ शकत असल्यासच ते पुढे सरकते. खरी अडचण या शेवटच्या अटीत आहे, कारण प्लाझ्मा ६ हे एक पॅकेज नसून क्यूटी ६ व केडीई फ्रेमवर्क्स ६ या लायब्ररी-संचांवर उभा असलेला, एकमेकांत गुंतलेल्या पॅकेजेसचा मोठा संच आहे. त्यातच, जानेवारी २०३८ मध्ये ३२-बिट प्रणालींवरील कालगणना बिघडू नये म्हणून, नेमक्या त्याच सुमारास असंख्य लायब्ररींची नावे बदलून त्यांवर अवलंबून असलेली पॅकेजेस पुन्हा बांधली जात होती.

आर्च अधिकृतपणे केवळ ६४-बिट एक्स८६ सांभाळते. डेबियनवर अनेक आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांची, जबाबदारी आहे. शिवाय स्थिर आवृत्तीपूर्वी टेस्टिंग गोठवले जाते, तेव्हा नवे काहीच सहसा येत नाही.

आमच्या सांगलीत जुन्या संगणकांवर टेस्टिंग वापरणारे विद्यार्थी आहेत; त्यांच्यासाठी मला हा उशीर मान्य आहे. ज्यांना घाई आहे, त्यांनी ओपनसुसेचे टम्बलवीड हे सतत अद्ययावत होणारे वितरण अवश्य पाहावे, कारण तेथे ओपनक्यूए ही स्वयंचलित चाचणी पार पडल्यावरच संपूर्ण संच एकत्र प्रसिद्ध होतो.