नर्स कमी पडल्या की झळ आधी न हलणाऱ्या पेशंटला, पटतंय का?

कावळेदादा:
नर्सांच्या टंचाईचा विषय निघाला की सगळे सरसकट "पेशंटचे हाल" म्हणतात, पण माझं म्हणणं असंय की हाल सगळ्यांचे सारखे होत नाहीत. ज्याला उठता येतं तो उठून पाणी घेतो, बाथरूमला जातो, अगदीच झालं तर काउंटरवर जाऊन भांडतो. ज्याला कूससुद्धा स्वतः बदलता येत नाही त्याचं सगळंच दुसऱ्याच्या हातात. आणि ताण वाढला की इंजेक्शन, सलाईन सहसा चुकत नाही, त्याचा जाब विचारला जातो, मग राहून काय जातं तर कूस बदलणं, चालवणं, भरवणं, अंग पुसणं. अमेरिकेत बीट्रिस कालिश नावाच्या नर्सिंग संशोधक आहेत, त्यांनी २००६ मध्ये नर्सनाच विचारलं होतं की तुमच्याकडून नेमकं काय राहतं, त्यातही चालवणं आणि कूस बदलणं ही दोन्ही कामं होती. माकडहाडापाशी कातडी लाल होते, बोटाने दाबलं तरी लाली जात नाही, ही बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, आणि चौथ्या पायरीला हाडसुद्धा दिसू शकतं. म्हणून एका नर्समागे किती पेशंट हे कायद्यानेच ठरवा. कॅलिफोर्नियात २००४ पासून तसा कायदा लागू आहे, आता साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एकीमागे जास्तीत जास्त ५.

हिशोबी:
असहमत. कायद्यात आकडा लिहिला म्हणून नर्स उगवत नाहीत. डब्ल्यूएचओच्या २०२५ च्या अहवालात २०२३ ची जगभरची तूट ५८ लाख दिली आहे, त्या आणणार कुठून? श्रीमंत देशात आत्ताच २३ टक्के नर्स परदेशात जन्मलेल्या आहेत, म्हणजे तुमचा कायदा पाळायला दुसऱ्या कुणाचा तरी वॉर्ड रिकामा करणार. त्यापेक्षा मावशी-वॉर्डबॉय वाढवा, एअर बेड घ्या, पेशंट उचलायचे हॉइस्ट घ्या. इतकं शिकलेल्या माणसाला बेडपॅन द्यायला का लावायचं?

नाईट_ड्युटी:
हिशोबी साहेब, नर्स आहे म्हणून लिहिते. कूस बदलताना मी नुसती कूस बदलत नाही हो. पाठ बघते, पिंढरी एकाच पायाची सुजलीय का बघते कारण पडून राहणाऱ्याला रक्ताची गुठळी होते, श्वास घरघरतोय का, लघवी गढूळ झालीय का, काल बोलत होता तो आज गप्प का. हे सगळं त्या दोन मिनिटांत होतं. मावशी हव्यातच, खूप हव्यात, पण माझ्याऐवजी नको, माझ्या जोडीला हव्यात. एअर बेडचं म्हणाल तर टाचांना त्यावरही जखम होते, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी लागते आणि ती उशी कोणीतरी ठेवावी लागते. हॉइस्टलाही बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने हाताने पेशंट उचलायची मर्यादा ३५ पाउंड सुचवली, म्हणजे साधारण १६ किलो, जाड माणसाचा एक पायच त्याच्या जवळपास जातो. रात्री एकटीने काय करायचं ते सांगा.

तिरकस:
सगळं खापर टंचाईवर नको. नर्स पुरेशा असल्या तरी पेशंटला झोपवूनच ठेवतात, कारण पडला तर आफत. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, ऑक्टोबर २००८ पासून हॉस्पिटलात पडून झालेल्या इजांचा आणि तिथेच झालेल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या बेडसोअरचा जादा खर्च देणं बंद केलं. हेतू चांगला, पण पडू द्यायचं नाही याचा सोपा उपाय म्हणजे उठूच द्यायचं नाही! २००७ च्या एका प्रयोगात धडधाकट म्हाताऱ्यांना १० दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचे स्नायू मिळून किलोभर घटले. धडधाकट बरं का, आजारी नव्हे. चालत आलेला माणूस खुर्चीवर घरी जातो तो असा.

कावळेदादा:
@तिरकस, चालवायला सोबत माणूस लागतो म्हणूनच झोपवतात ना? डायपरचं तेच, लघवी कळते तरी डायपर, कारण बेडपॅन घेऊन यायला कोणी नाही. याला मनोवृत्ती म्हणा हवं तर, माझ्या लेखी टंचाईच आहे.

चाकावरचा:
मानेच्या मणक्याला इजा, म्हणजे या विषयातला ग्राहक म्हणा. दोघांचंही अर्धवट पटलं. ५ हा आकडा मला काहीच सांगत नाही, ५ चालते पेशंट आणि ५ माझ्यासारखे यात जमीन-अस्मानाचा फरक, तेव्हा मोजायचं तर परावलंबन मोजा. आणि मावशींवर सोडायचं म्हणाल तर ऐका, आमच्यासारख्यांचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, नुसता पिळला गेला, लघवी तुंबली, तरी बीपी झपकन चढतं, डोकं फुटायला येतं, घाम फुटतो. यात जीव जाऊ शकतो. ज्याला हे माहीत नाही तो डोकेदुखीची गोळी आणायला जाईल, ज्याला माहीत आहे तो आधी मला बसतं करून नळी बघेल. आणि साधी कॉल बेल मला दाबताच येत नाही, फुंकर मारायची किंवा गालाने दाबायची बेल मिळते, ती मागितली की शोधाशोध सुरू. माझा नेहमीचा मदतनीस सोबत राहू दिला तरी अर्धं काम हलकं होईल, पण नियम आडवा येतो.

हिशोबी:
हेच तर म्हणतोय, सगळ्याला नर्स लागत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनौये यांचा अभ्यास आला, त्यात प्रशिक्षित स्वयंसेवकही म्हाताऱ्या पेशंटना चालवायचे, जेवायला बसवायचे, गप्पा मारायचे, तर भ्रम होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं.

नाईट_ड्युटी:
त्या टीममध्ये खास नर्सही होती ते वगळू नका. आणि रात्री तीनला कुठला स्वयंसेवक येतो?

कावळेदादा:
शिवाय पैशाचं बघा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने २०१६ मध्ये एका नर्समागे किती पेशंट याचं प्रमाण ठरवलं, २०२१ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात वाचलेला खर्च जादा नर्सांच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. नाईट_ड्युटी, एक विचारायचं होतं, दर दोन तासांनी कूस बदलल्याचा चार्ट असतो ना, तो खरंच त्या त्या वेळी भरतात?

नाईट_ड्युटी:
सगळीकडचं नाही सांगत, पण शिफ्ट संपताना एका पेनने सगळ्या सह्या झालेल्या बघितल्यात. न भरला तर मेमो, भरला तर कागदावर सगळं व्यवस्थित, मग जादा स्टाफ कशाला म्हणून वरून प्रश्न.

हिशोबी:
मग हाच चार्ट बघून तुमचा कायदा पाळला जातोय हे ठरणार का? आधी याचं उत्तर द्या, मग प्रमाणाचं बोलू.