स्पेनमधलं सोसायटीचं अध्यक्षपद

कुणी म्हणेल की सोसायटीचं अध्यक्षपद नको असेल तर सरळ नाही म्हणायचं. स्पेनमध्ये तसं चालत नाही हो! तिथल्या सोसायट्यांच्या १९६० च्या कायद्यानुसार अध्यक्ष फ्लॅटमालकांपैकीच हवा. निवडून, पाळीनं किंवा चिठ्ठी टाकून. नाव निघालं की पद गळ्यात. सुटका हवी तर महिन्याभरात कोर्टात कारणं द्यायची. हिशेब, वसुली, गळकी पाइपलाइन हे बहुतेक ठिकाणी फी घेणारा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बघतो.

मला आवडतं ते थकबाकीदारांचं. सभेच्या नोटिशीतच त्यांची यादी! सभेत बोलता येतं, मत नाही. (आपल्याकडे करून बघा, आधी भांडण होईल.)

आणि फ्लॅट घेताय तर थकबाकी नसल्याचा दाखला मागाच. चालू वर्षाची आणि मागच्या ३ वर्षांची बाकी फ्लॅटसोबत येते.